टी-एक्केचाळीसची शांतता

१

रेकॉर्डिंगला बसण्याआधी खोलीची शांतता टेप करून ठेवायची, हा डबिंगच्या धंद्यातला नियम आहे. माणूस गप्प, एसी बंद, मोबाइल बाहेर आणि माइक तेवढा चालू. बाहेरच्याला हे ऐकून हसू येतं. शांतता कसली टेप करताय, डोंबल! पण प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते. दोन वाक्यांच्या मध्ये जी फट राहते ती त्याच खोलीच्या शांततेने बुजवावी लागते, नाहीतर बोलणारा मधेच मेला की काय असं ऐकणाऱ्याला वाटतं.

अबोली आणि तिचा भागीदार कीथ यांचा स्टुडिओ मरोळच्या एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, तिसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात होता. स्टुडिओ म्हणायचं आपलं. बाहेरच्या खोलीत मशीन आणि अबोलीची खुर्ची, आतल्या खोलीत कलाकार. आत चारी भिंतींना फोम आणि खाली जाड गालिचा. मधे दुहेरी काचेची खिडकी आणि एक वजनदार दार. त्या दाराची आतली मूठ मध्यंतरी कोणाच्या तरी हातात आली होती, तेव्हापासून दार बाहेरूनच उघडावं लागे. कीथ रोज म्हणायचा, "आज सुताराला सांगतो," आणि रोज विसरायचा. कोणाचं अडतही नव्हतं, कारण बाहेर माणूस असायचाच.

त्या सोमवारी आतल्या खुर्चीवर अबोलीचे वडील बसले होते.

नानांचं नाव नंदकिशोर. नाव कोणाला आठवायचं नाही, पण आवाज निम्म्या महाराष्ट्राने ऐकलेला. दंतमंजनाची जाहिरात, मालिकांमधले ऋषी, कार्टूनमधलं अस्वल, मोर्च्यातल्या घोषणा, सगळं त्यांनी केलेलं. मग फुफ्फुसं बिघडली. इस्पितळातून परत आले ते अर्धेच. आवाज तोच होता, पण वाक्य पुरं करायला श्वास पुरत नव्हता. मग त्यांनी बोलणंच सोडलं. पार्ल्याच्या घरात गॅलरीतल्या खुर्चीवर बसून राहायचे, चहा थंड व्हायचा, आणि अबोली तो परत गरम करून आणायची.

म्हणून हे काम आलं तेव्हा तिने कोणाला न विचारता नानांचं नाव सांगून टाकलं. परदेशी माहितीपट होता, त्याला मराठी निवेदन हवं होतं. आई, म्हणजे जयंतीबाई, तिच्यावर उखडली.

"एसी बंद करून कोंडून ठेवणार त्यांना? धाप लागली म्हणजे?"

"मी बाहेरच असते ना गं. काच आहे मधे. आणि त्यांना काहीतरी करायला हवंय, आई."

जयंतीबाईंनी निवडलेली भाजी बाजूला सारली. मग म्हणाल्या, "ने. पण जसे नेतेस तसे परत आणून दे मला. मला दुसरं काही नको."

२

माहितीपट एका जर्मन टॉर्पेडो बोटीवर होता. युद्धात ती कुठे बांधली, कुठे लढली, कशी बुडाली, असा सगळा प्रवास.

"टॉर्पेडोला आपल्यात पाणतीर म्हणतात," नाना माइकसमोर बसत म्हणाले. "काय गोड शब्द आहे! वापरायला काय धाड भरते लोकांना?"

"नाना, टॉर्पेडोच म्हणा. क्लायंटला तेच हवंय."

"क्लायंटला मराठी कळतं का?"

"नाही."

"मग झालं तर." पण हसले. केवढ्या दिवसांनी हसले! अबोलीला बरं वाटलं.

"शांतता घेते हं," ती म्हणाली आणि टेप सुरू केली. नाना डोळे मिटून बसले. हेडफोनमध्ये त्यांचा जडसर श्वास आणि त्यामागे खोलीची ती ओळखीची, भरल्या पिशवीसारखी शांतता. अबोली हात बटणावर ठेवून थांबली होती.

ठक. ठक. ठक.

लांबून कुठून तरी, जड लोखंडावर कोणी हळू मारावं तसं. घाई नाही, राग नाही.

"नाना, पाय लागला का टेबलाला?"

"छे गं. हललोसुद्धा नाही."

बाहेर कॉफी पीत उभा असलेला कीथ म्हणाला, "खाली पत्रा ठोकायचा प्रेस आहे ना, तो असेल. तू ऐकतेस पण ना, कुत्र्यासारखं!" अबोलीने दुसरी टेप घेतली. ती साफ निघाली. तिने विषय सोडून दिला.

३

काम सुरू झालं आणि नाना रंगले. त्या बोटीला नाव नव्हतं, नुसता आकडा: टी-एक्केचाळीस. नानांना ते फार लागलं. "एवढी माणसं पोटात घेऊन हिंडायची आणि साधं नाव नाही तिला," असं ते दोनदा म्हणाले. आपल्याकडे मच्छीमाराची साधी होडी असली तरी तिला नाव असतं, पुढे हार असतो.

पडद्यावर राखाडी समुद्र दिसायचा आणि त्यात ती लांबट, बुटकी बोट. बाल्टिक समुद्रात सराव, मग इंग्लिश खाडीत मालाच्या जहाजांना सोबत, काळोखात सुरुंग पेरणं. नाना वाचत होते, धाप लागली की थांबत होते, अबोली काचेतून "ठीक ना?" अशी खूण करत होती. मग ते प्रकरण आलं.

बोट सुरुंगावर आदळली. बॉयलरच्या दोन खोल्यांपैकी एकीत पाणी शिरलं. ते पुढच्या खोलीत शिरलं असतं तर बोट गेली असती, म्हणून कप्तानाने मधलं लोखंडी दार लावायला लावलं. आत माणसं होती. बोट तरंगत राहिली. दुसऱ्या जहाजाने ओढत तिला बंदरापर्यंत नेलं. पडद्यावर एक म्हातारा खलाशी खुर्चीत बसून हे सांगत होता. त्याचा मराठी आवाजही नानांनीच द्यायचा होता.

"आतून ठोके येत होते," नानांनी त्या म्हाताऱ्याचा कापरा सूर अगदी अलगद उचलला. "बंदर येईपर्यंत येत होते. कप्तान म्हणाला, कोणी उत्तर द्यायचं नाही. उत्तर दिलं तर त्यांना वाटेल आपण उघडणार आहोत. मी दाराच्या अलीकडे उभा होतो. मी उत्तर दिलं नाही."

म्हातारा गप्प झाला. पडद्यावर त्याचा नुसता चेहरा राहिला. आणि त्या रिकाम्या जागेत नानांनी बोटाच्या पेराने टेबलावर वाजवलं: ठक, ठक, ठक.

"नाना! हे स्क्रिप्टमध्ये नाहीये."

"माहितीये मला."

"मग?"

"समोरच्याने क्यू दिला आणि आपण तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो, असं मी जन्मात केलेलं नाही. कोणीतरी उत्तर द्यायला नको?"

अबोलीला हसू आलं. नानांच्या पिढीतली नटमंडळी अशीच. समोरच्याचं वाक्य हवेत लटकत ठेवणं म्हणजे त्यांच्या लेखी पाप. तिने मनात म्हटलं, नंतर कापून टाकू.

४

दुसऱ्या दिवशी तिने शांतता घ्यायला टेप लावली आणि ठोके लगेच आले. आता लांबून नव्हते. फोमच्या पलीकडच्या भिंतीतून यावेत इतके जवळ. तीन पडले आणि थांबले. एखाद्याने प्रश्न विचारून आपल्या तोंडाकडे बघत राहावं, तसं ते थांबणं होतं.

नानांनी डोळे न उघडता टेबलावर वाजवून उत्तर दिलं.

"तुम्हाला ऐकू येतंय?" अबोलीने विचारलं.

"काय?"

"नाना, आत्ता तुम्ही वाजवलंत."

"वाजवलं असेन. सवय लागते हाताला." त्यांनी कागद पुढे ओढला आणि वाचायला लागले. आणि वाचले कसे! मोठमोठी वाक्यं, उपवाक्यांच्या आगगाड्या, एका श्वासात. छाती भरून येत होती, आवाज खोलीत मावत नव्हता. अबोलीला आनंदाने रडू यायला हवं होतं. आलंही थोडं. पण तिचं लक्ष नानांच्या छातीकडे होतं. वाक्य संपलं तरी ती खाली बसत नव्हती.

दुपारी ती जिना उतरून खालच्या गाळ्याकडे गेली. पत्र्याच्या प्रेसचं शटर खाली होतं, कुलपावर गंज चढलेला. शेजारच्या गाळ्यातली बाई डबा खात होती. "तो बंद होऊन वर्ष झालं की," ती म्हणाली. "भाड्याने द्यायचाय. तुम्हाला हवाय का?"

पाण्याचे पाइप असतील, अबोलीने स्वतःला समजावलं. लिफ्टचं वजन असेल. इमारत जुनी आहे, तापते, निवते, कुरकुरते. वर येऊन तिने माइकची वायरच काढून टाकली आणि हेडफोन कानाला लावला. वायर तिच्या हातात होती, आणि ठोके येत होते.

तिने कीथला टेप ऐकवली. त्याने डोळे बारीक करून ऐकली आणि खांदे उडवले.

"ठोके आहेत, पण ते अंकलचेच आहेत, यार. टेबलावरचे. दुसरं काही नाही."

"त्यांच्या आधीचे?"

"आधी काहीच नाही. अंकल वाजवतात, मग थांबतात, मग परत वाजवतात. फोनवर कोणी बोलत असलं ना, की आपल्याला एकाच बाजूचं ऐकू येतं, तसं." बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच ते आवडलं नसावं. त्याने हेडफोन पटकन काढून ठेवला. "उद्या मी नाहीये हं. मढला माझ्या ल्युसी आंटीकडे बाप्तिस्मा आहे. तू पण घे ना सुट्टी."

५

घरी नाना जेवणाच्या टेबलावर वाजवत होते. वरण वाढेपर्यंत, ताक येईपर्यंत. जयंतीबाई कावल्या. "अहो, डोकं उठलं माझं! काय तबला लावलाय?" नाना ओशाळून हात मांडीवर ठेवायचे. थोड्या वेळाने मांडीवरच बोटं हलायला लागायची.

अबोली त्यांना गॅलरीत घेऊन गेली.

"नाना, राहिलेलं मी दुसऱ्या कोणाकडून करून घेते. तुम्ही पुष्कळ केलंत."

"शेवटचं प्रकरण राहिलंय. बोट बुडायची राहिलीय अजून. अर्धवट सोडून उठू?"

"मला भीती वाटतेय," ती सरळ बोलून गेली. "तिथे काहीतरी बरोबर नाहीये."

नानांनी तिच्याकडे पाहिलं. दोन वर्षांनी त्यांच्या डोळ्यांत जान आली होती, आणि ती काढून घ्यायला अबोलीचा जीव होईना. ते म्हणाले, "अबू, मी इथे या खुर्चीवर बसतो ना, तेव्हा मला वाटतं, दार लावून घेतलंय सगळ्यांनी. तुम्ही सगळे पलीकडे. चांगले आहात, काळजी करता, पण पलीकडे. तिथे निदान कोणीतरी माझं ऐकतं." मग जरा थांबून, "आणि मी त्यांना सांगून बसलोय, उद्या उघडतो म्हणून."

"कोणाला?"

"काही नाही गं. चल, थंडी वाजतेय."

ऑक्टोबर होता. भिंतीसुद्धा घामेजलेल्या होत्या.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी नाना आत गेले आणि अबोलीने दार लावलं तेव्हा मूठ गार लागली. दाराला बाहेरून पाणी सुटलं होतं. तिने ओढणीने पुसलं, परत सुटलं. एसी बंद असताना दार गार कसं, हा विचार तिने केला आणि तसाच बाजूला सारला. एकच प्रकरण. मग घरी.

तिने त्या दिवशी शांतता घेतलीच नाही.

नाना वाचू लागले. टी-एक्केचाळीस दुरुस्त झाली. बॉयलरची खोली धुऊन रंगवली. नवी माणसं आली, त्याच खोलीत कामाला लागली. पुढच्या हिवाळ्यात बोट परत बाहेर पडली. नानांचा आवाज भरदार येत होता, आणि त्या आवाजाखाली आणखी आवाज होते. तेच शब्द, तीच गती, फक्त किंचित मागून. प्रार्थनेत मागच्या रांगेतली मुलं पुढच्यांच्या मागून म्हणतात तसे.

अबोलीने काचेतून खूण केली: बस, थांबा. नानांनी वर पाहिलं नाही.

तेवढ्यात लाइट गेली. पडदा विझला, मशीनचे दिवे विझले, आणि बाहेरच्या खिडकीतून येणारा दुपारचा पांढरा उजेड तेवढा काचेवर राहिला. अबोलीला आधी स्वतःचाच चेहरा दिसला. ती काचेला हात लावून वाकली.

नाना खुर्चीवर होते. त्यांच्या मागे, फोमपर्यंत, माणसं उभी होती. दाटीवाटीने, खांद्याला खांदा. चेहरे दिसत नव्हते, कारण सगळ्यांनी माना मागे टाकून हनुवट्या छताकडे धरल्या होत्या. पाणी गळ्याशी आल्यावर माणूस नाक वर काढतो, तशा. आणि नानांचीही मान हळूहळू मागे जात होती.

अबोली धावली दार उघडायला. हे अगदी खरं आहे, ती उघडायलाच धावली होती. तिचा हात मुठीवर पडला आणि आतून ठोके सुरू झाले. लोखंडावर नव्हे, लाकडावर, तिच्या छातीच्या उंचीवर, एका हाताचे नव्हेत. तिचे दोन्ही हात मुठीवर होते आणि मूठ खेचायच्या ऐवजी ती दाबून धरत होती. खांदा दाराला लावून, सगळं अंग रेटून, दार बंद धरत होती.

"अबू," आतून नानांचा आवाज आला. "दार उघड गं."

ती हलली नाही.

"अबू, दम पुरत नाहीये मला."

किती वेळ गेला ते तिला कधीच सांगता येणार नाही. थोडाच असेल. पण तेवढ्यात तिला कळलं की नाना पलीकडे आहेत आणि अलीकडे ती आहे, आणि दार तिने धरलंय. तिच्या तोंडून हुंदका फुटला. तिने मूठ खेचली.

७

नाना बाहेर आले. एकटेच. त्यांच्या मागे रिकामी खोली होती, खुर्ची होती, कागद होते.

"नाना! नाना, माझं चुकलं, मी..." ती त्यांना बिलगली. अंग कोरडं आणि गरम होतं. छाती स्वच्छ वाजत होती, घरघर नाही, काही नाही. ते ताठ उभे राहिले. त्यांनी तिचे हात हळूच सोडवले, सभ्य माणूस परक्या बाईचे सोडवेल तसे, आणि खिडकीपाशी जाऊन बाहेरच्या उन्हाकडे बघत बसले. खाली एक टेम्पो मागे येत होता. त्याच्याकडेही ते तोंड उघडं टाकून बघत होते.

लाइट नव्हती म्हणून लिफ्ट नव्हती. तीन जिने ते भराभर उतरले. रिक्षात एक शब्द बोलले नाहीत. पार्ल्याच्या घराचा जिना एका दमात चढले, आणि दारात उभ्या जयंतीबाई बघतच राहिल्या.

"अगं बाई! हे काय! धापसुद्धा लागली नाही?"

नाना हसले. छान हसले. घरात आले, सगळ्या खोल्यांची दारं एकेक करून सताड उघडली, मग ताटावर बसले. जयंतीबाई पोळ्या वाढत होत्या आणि डोळे पुसत होत्या. "आणलंस हो परत," त्या अबोलीच्या कानात म्हणाल्या. "होते त्यापेक्षा चांगले आणलेस."

अबोली समोर बसून वाट बघत होती, नाना तिला हाक मारतील म्हणून. साधं "अबू, पाणी दे" म्हणतील. त्यांनी पाणी स्वतः घेतलं. तिच्याकडे एकदा पाहिलं, आणि ओळख नसलेल्या माणसाच्या घरी जेवताना मान हलवतात तशी कृतज्ञ मान हलवली.

"मशीन तसंच टाकून आलेय," ती उठत म्हणाली. "बंद करून येते."

मरोळला लाइट आली होती. गाळ्यात सगळं जागच्या जागी होतं. आतल्या खोलीचं दार आपल्या वजनाने लागून गेलं होतं. अबोलीने मशीन बंद केलं, पर्स उचलली, आणि ऐकलं.

फार हलके ठोके. दोन पडले की थांबायचे, श्वास घेऊन तिसरा. आणि मग दाराच्या अगदी खालच्या बाजूने, खाली बसलेल्या माणसाचा आवाज.

"अबू... आहेस ना गं बाहेर?"

तिने दार उघडलं. खुर्ची होती, कागद होते. गालिच्यावर गुडघे टेकून तिने कोपरे चाचपले, फोमवर हात फिरवले, "नाना, नाना" करत भिंतीला कान लावले. काही नाही. ती बाहेर आली, दार लागलं, आणि आतून खोकला आला. ओळखीचा, कोरडा, मधेच तुटणारा. दोन वर्षं तिने तो रोज भिंतीपलीकडून ऐकला होता.

तिने परत उघडलं. मग परत. मग हात थकले तेव्हा ती दाराला पाठ लावून जमिनीवर बसली आणि आतल्या माणसाशी बोलत राहिली. हळूहळू श्वास घ्या, म्हणाली. मी आहे इथे, कुठे जात नाही, म्हणाली.

संध्याकाळी फोन वाजला. जयंतीबाईंचा आवाज सणासुदीसारखा झाला होता. पाठीमागे टीव्ही चालू होता आणि कोणीतरी मोठ्याने, मोकळ्या छातीने हसत होतं.

"कुठे अडकलीस गं? किती वेळ! शिरा केलाय, ह्यांनी दोनदा घेतला. कधी येतेस?"

"येते. नानांना घेऊन येते."

"काय बोलतेस? अगं, ते इथे बसलेत माझ्यासमोर."

"माहितीये," अबोली म्हणाली. "त्यांना वाढ तू. मी नानांना घेऊनच येते."